स्लोप आणि एक पॉइंट दिला की रेषेचं समीकरण कसं काढायचं

स्लोप दिलाय, एक पॉइंट दिलाय, रेषेचं समीकरण काढा. अकरावीच्या सरळ रेषेच्या धड्यात हे गणित इतक्या वेगवेगळ्या रूपात येतं की हे एक नीट जमलं तर निम्मा धडा सुटल्यात जमा, आणि तरीही परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं पाच-सहा फॉर्म्युले सुटे सुटे पाठ करत बसलेली असतात, पॉइंट-स्लोपचा एक, इंटरसेप्टचा एक, दोन बिंदूंचा एक, आणि सकाळी पेपरात कुठला कुठे लावायचा तेच सुचत नाही. मी भांडुपला संध्याकाळी घरीच मुलांना गणित शिकवते, बरीचशी मराठी शाळेतून दहावी झालेली असतात, आणि त्यांची ही पाठांतराची दमछाक बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण इथे पाठ करण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती दहावीच्या निर्देशक भूमितीत होऊन गेलेली आहे, दोन बिंदू दिले की रेषेचा चढ कसा काढायचा ते सूत्र. बाकीचं सगळं त्यातूनच बाहेर येतं, कसं ते आता सावकाश बघू.

आधी खुणांचं सांगते. पुस्तकात एक्स आणि वाय असतात, मी इथे क्ष आणि य लिहितेय, स्लोपला, म्हणजे रेषेच्या चढालाच, म लिहितेय, आणि दिलेल्या पॉइंटला (क्ष१, य१). वहीत तुम्ही नेहमीचंच लिहा.

आता सूत्र बाजूला ठेवा आणि रिक्षाचं भाडं काढा. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये आणि त्यापुढे किलोमीटरमागे १७ रुपये १४ पैसे असा दर लागू झाला. मुलुंड स्टेशनवरून सहा किलोमीटर जायचंय, किती होतील? कोणालाही विचारा, तो असंच करणार, सहातले दीड वजा केले, उरले साडेचार, साडेचार गुणिले १७.१४ म्हणजे ७७.१३, त्यात पहिले २६ मिळवले, झाले १०३ रुपये आणि काही पैसे. (वेटिंग वगैरे सोडून बोलतेय.) आता हेच केलेलं एका ओळीत लिहून बघा, फक्त सहाच्या जागी क्ष आणि भाड्याच्या जागी य ठेवा:

य = २६ + १७.१४ × (क्ष − १.५)

आणि २६ डावीकडे नेले की

य − २६ = १७.१४ (क्ष − १.५)

झालं. हाच तो पॉइंट-स्लोपचा फॉर्म्युला. १७.१४ हा स्लोप, म्हणजे एक किलोमीटर पुढे गेलं की भाडं कितीने वाढतं, आणि (१.५, २६) हा पॉइंट, म्हणजे एका ठिकाणचं भाडं जे आपल्याला पक्कं माहीत आहे. माहीत असलेल्या जागेवर उभं राहायचं, तिथून किती पुढे गेलो ते मोजायचं, त्याला स्लोपने गुणायचं आणि आधीच्या किमतीत मिळवायचं. तुम्ही हे डोक्यात करता, कागदावर तेच लिहायचंय.

कंस सोडवला तर य = १७.१४क्ष + ०.२९ येतं. हे ०.२९ बघा जरा. ही रेषा मागे वाढवत नेली तर य अक्षाला शून्याच्या अगदी जवळ कापते, म्हणजे जवळपास आरंभबिंदूतूनच जाते, आणि त्याचं कारण सोपं आहे, १७.१४ गुणिले दीड बरोबर २५.७१ आणि तेच पूर्ण रुपयात आणून २६ केलेत. टॅक्सीचंही तसंच, ३१ रुपये आणि पुढे २०.६६, दीडने गुणा, ३०.९९ येतात. म्हणजे किमान भाडं हा काही वेगळा आकार नाही, दीड किलोमीटरचेच पैसे आहेत. पण एक लक्षात ठेवा, ही रेषा दीड किलोमीटरच्या पुढेच खरी, अलीकडे अर्धा किलोमीटर गेलात तरी २६ च द्यायचेत, तिथे आलेख आडवा असतो. समीकरण काढलं की ते कुठून कुठपर्यंत चालतं हे विचारायची सवय लावून घ्या, पुढे फिजिक्समध्ये फार उपयोगी पडते.

आता हे सूत्र सगळ्याच रेषांसाठी का चालतं ते. दहावीचं सूत्र आठवा, दोन बिंदू (क्ष१, य१) आणि (क्ष२, य२) असतील तर

चढ = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१)

सरळ रेषेची खासियत अशी की तिच्यावरचे कुठलेही दोन वेगळे बिंदू घ्या, चढ तोच येतो, जवळचे घ्या लांबचे घ्या काही फरक पडत नाही. (उभी रेषा सोडून, तिचं पुढे बोलू.) मग आपण काय करायचं, एक बिंदू दिलेला आहे तो पक्का ठेवायचा, आणि दुसरा मोकळा सोडायचा, त्याला नुसतं (क्ष, य) म्हणायचं, म्हणजे रेषेवरचा कुठलाही बिंदू. चढ मात्र म च येणार, म्हणून

(य − य१) ÷ (क्ष − क्ष१) = म

आणि छेद पलीकडे नेला की

य − य१ = म (क्ष − क्ष१)

मुलं विचारतात की मग भागाकाराचंच रूप का नाही ठेवायचं. कारण त्या रूपात तुम्ही दिलेलाच बिंदू टाकून बघा, वर शून्य खाली शून्य, काही अर्थच लागत नाही, म्हणजे ज्या बिंदूवरून आपण निघालो तोच रेषेतून गळून पडला. गुणाकाराच्या रूपात टाकला तर शून्य बरोबर शून्य, व्यवस्थित बसतो. म्हणून शेवटी हेच रूप लिहायचं. आणि समीकरण म्हणजे काय तेही इथे कळतं, जो बिंदू रेषेवर आहे तो या अटीत बसतो, जो रेषेवर नाही तो बसत नाही, एवढंच. फ्रान्सचा रेने देकार्त याने १६३७ मध्ये आकृतीला असं समीकरणात बांधायची वाट छापून दाखवली आणि भूमिती आणि बीजगणित एकाच वहीत आले, मला तर शिकवताना दर वर्षी हे सुंदर वाटतं.

चला आता आकडे घेऊन करू. स्लोप ३, पॉइंट (२, ५).

य − ५ = ३ (क्ष − २)
य − ५ = ३क्ष − ६
य = ३क्ष − १

आणि इथे थांबायचं नाही, दिलेला पॉइंट परत टाकून बघायचा, ३ गुणिले २ म्हणजे ६, वजा १, पाच, य पण पाच, बरोबर. पाच सेकंद लागतात याला. उत्तराखाली रेघ मारायच्या आधी हे करायचंच, कारण या प्रकारच्या गणितात खात्री करायची सोय प्रश्नातच दिलेली असते, बाकी किती गणितांत अशी सोय असते सांगा. फक्त हे लक्षात असू द्या की पॉइंट बसला म्हणजे पॉइंट बरोबर, स्लोप बरोबर आहे की नाही ते क्षच्या पुढचा आकडा वेगळा बघून ठरवायचं, दोन्ही बघितलं की उत्तर शंभर टक्के पक्कं.

आता जिथे खरी गडबड होते ते. स्लोप −२, पॉइंट (−३, ४). इथे क्ष१ स्वतःच ऋण आहे, आणि सूत्रात त्याच्या आधी आणखी एक वजा आहे, तर आधी जसंच्या तसं लिहा, घाई करू नका:

य − ४ = −२ (क्ष − (−३))
य − ४ = −२ (क्ष + ३)
य − ४ = −२क्ष − ६
य = −२क्ष − २

पहिली ओळ गाळून थेट दुसरी लिहायला जातात आणि कंसात क्ष − ३ लिहून मोकळे होतात. दुसरी जागा म्हणजे −२ ने कंस सोडवताना, पहिल्या पदाला −२ लागतो आणि दुसऱ्याला नुसता २ लावला जातो, मग −६ च्या जागी +६ येतं. तपासून बघा, −२ गुणिले −३ म्हणजे ६, वजा २, चार. जुळलं. चुकीचं चिन्ह घेऊन आलेलं समीकरण या तपासणीत लगेच पकडलं जातं, म्हणूनच मी तिच्यासाठी इतकी मागे लागते.

अपूर्णांक आला की अर्धी मुलं पेन खाली ठेवतात, तर तेही करू. स्लोप दोन तृतीयांश, पॉइंट (४, −१). यात सगळ्यात आधी छेदाने दोन्ही बाजूंना गुणून टाकायचं, अपूर्णांक शेवटपर्यंत ओढत न्यायचा नाही.

य + १ = (२/३)(क्ष − ४)
३(य + १) = २(क्ष − ४)
३य + ३ = २क्ष − ८
२क्ष − ३य − ११ = ०

पॉइंट टाका, ८ + ३ − ११, शून्य. छान.

याचा आलेख काढायचा असेल तर समीकरणाचीही गरज नाही, स्लोपच सांगतो कसं जायचं. (४, −१) वर टिंब द्या, तिथून तीन घरं उजवीकडे आणि दोन वर, आलात (७, १) वर. परत (४, −१) वरून तीन घरं डावीकडे आणि दोन खाली, (१, −३). तीन टिंबं झाली, पट्टी लावा. स्लोप ऋण असेल तर उजवीकडे जाऊन खाली उतरायचं. दोन टिंबांवरून रेषा येते हे खरं पण तिसरं टिंब द्यायचंच, तिन्ही एका रेषेत आली नाहीत तर कुठेतरी मोजताना घसरलात हे तिथेच कळतं.

आलेखाच्या कागदाबद्दल एक गोष्ट, पुस्तकात कोणी ठासून सांगत नाही. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असेल तरच कोनमापक लावून स्लोपचा अंदाज घ्यायचा. वरच्या रिक्षाचा आलेख काढताना आडव्या अक्षावर एक सेंटीमीटरला एक किलोमीटर आणि उभ्यावर एक सेंटीमीटरला वीस रुपये घेतलेत तर कागदावर रेषा जेमतेम चाळीस अंशांच्या आसपास दिसेल, आणि टॅन काढून कोणी म्हणेल स्लोप एकपेक्षा कमी आहे, पण स्लोप तर १७.१४ आहे. आकडे अक्षांवरचे वाचायचे, डोळ्यांना काय दिसतं त्यावर जायचं नाही.

आता काहींना य = मक्ष + क हे रूप (क म्हणजे रेषा य अक्षाला जिथे कापते तो आकडा) जास्त सोयीचं वाटतं, त्यांनी ते वापरावं, त्यात काही वावगं नाही. स्लोप ३ आणि (२, ५) असेल तर ५ = ३ × २ + क, म्हणून क = −१, उत्तर तेच. आकडे छोटे असतील तर मला स्वतःलाही हे पटकन होतं. पण पॉइंट-स्लोपचं रूप खऱ्या आयुष्यातल्या गणितांना जास्त चांगलं का बसतं ते मी मुंबईच्या पाण्यावरून सांगते, हे जरा मोठं आहे पण वाचा.

मुंबईला सात तलावांतून पाणी येतं, अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी, आणि सगळे काठोकाठ भरले तर एकूण साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. रोजचा पुरवठा ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास धरू. समजा एखाद्या वर्षी १ मार्चला साठा ७ लाख दशलक्ष लिटर आहे (हा आकडा मी गणितासाठी घेतलाय) आणि बाष्पीभवन वगैरे तूर्त सोडून देऊ. १ जानेवारीला दिवस १ म्हटलं तर १ मार्च म्हणजे दिवस ६०. साठा रोज कमी होतोय म्हणून स्लोप −३,९००, आणि पॉइंट (६०, ७,००,०००):

य − ७,००,००० = −३,९०० (क्ष − ६०)

सोडवलं तर य = −३,९००क्ष + ९,३४,०००. यात तो ९ लाख ३४ हजार म्हणजे क्ष शून्य असतानाची किंमत, म्हणजे ३१ डिसेंबरचा साठा, जर तेव्हापासून रोज तितकंच पाणी गेलं असतं तर. तो आपल्याला कोणी सांगितलेला नाही, आपण तो मोजलाही नाही, आपल्या हातात १ मार्चचा आकडा आहे. पॉइंट-स्लोपमध्ये जे माहीत आहे तेच लिहिलं जातं, उगाच मागे शून्यापर्यंत जावं लागत नाही. पाऊस पडलाच नाही असं धरलं तर य शून्य कधी होतो ते काढा, ९,३४,००० भागिले ३,९००, साधारण २३९.५, म्हणजे २७ ऑगस्ट.

आता कपात. २०२४ च्या जूनमध्ये झाली होती तशी दहा टक्के कपात आपल्या गणितातल्या वर्षी दिवस १५० पासून, म्हणजे ३० मे पासून लागू केली. स्लोप बदलला, −३,५१० झाला. जुन्या रेषेवरून दिवस १५० चा साठा काढा, ९,३४,००० वजा ५,८५,०००, म्हणजे ३,४९,०००. हा झाला नवीन पॉइंट, कारण कपात सुरू होते त्या क्षणी पाणी काही एकदम कमी-जास्त होत नाही, दोन्ही रेषा त्याच बिंदूवर भेटतात.

य − ३,४९,००० = −३,५१० (क्ष − १५०)

बघा, नवीन स्लोप आणि वळणाचा बिंदू, बास, समीकरण तयार. य शून्य केला तर क्ष − १५० साधारण ९९.४ येतो, म्हणजे दिवस २४९, ६ सप्टेंबर. दहा टक्के कपातीने दहा दिवस मिळाले. खरी रेषा पहिला मोठा पाऊस पडला की वर वळते, पण पेपरात रोज साठ्याचे आकडे येतात तेव्हा त्यामागे हेच गणित असतं हे मुलांना कळलं की त्यांचे चेहरे बदलतात, आणि मला वाटतं हे गणित मुंबईतल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी करून दाखवायला हवं.

पॉइंट कुठला घ्यायचा यावरही थोडं बोलू. रेषेवरचा कुठलाही चालतो. सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचंय, एक अंश सेल्सिअस वाढला की फॅरनहाइट १.८ ने वाढतं, हा स्लोप. आता पाणी उकळतं तो बिंदू घ्या (१००, २१२), य − २१२ = १.८(क्ष − १००), सोडवा, य = १.८क्ष + ३२. किंवा घरातला ताप मोजायचा आकडा घ्या (३७, ९८.६), य − ९८.६ = १.८(क्ष − ३७), ३७ गुणिले १.८ म्हणजे ६६.६, परत य = १.८क्ष + ३२. कंसातली समीकरणं दिसायला वेगळी, रेषा एकच. म्हणून मैत्रिणीचं उत्तर तुमच्यासारखं दिसत नसेल तर घाबरू नका, दोघींनी कंस सोडवून एका रूपात आणा आणि मग बघा.

बऱ्याचदा प्रश्नात स्लोप सरळ हातात देत नाहीत, लपवून देतात, तो आधी काढायचा आणि मग पुढचं सगळं हेच. कोन दिला असेल तर स्लोप म्हणजे त्या कोनाचा टॅन, क्ष अक्षाच्या धन दिशेशी मोजलेला, ४५ ला १, ६० ला वर्गमूळ ३, १३५ ला −१. म्हणजे १३५ अंश आणि (२, १) दिलं तर य − १ = −(क्ष − २), म्हणजे क्ष + य = ३. दोन बिंदू दिले असतील तर आधी चढ, मग दोन्हीपैकी जो सोपा वाटेल तो बिंदू, शक्यतो ज्यात शून्य किंवा धन आकडे आहेत तो. समांतर रेषा दिली असेल तर स्लोप तोच उचलायचा, लंब दिली असेल तर उलटा करून चिन्ह बदलायचं. ४क्ष − य + ७ = ० ला समांतर आणि (१, ६) मधून जाणारी? तिचा स्लोप ४, म्हणून य − ६ = ४(क्ष − १), य = ४क्ष + २. लंब असेल तर स्लोप उणे एक चतुर्थांश, ४(य − ६) = −(क्ष − १), म्हणजे क्ष + ४य − २५ = ०. इथे सामान्य रूपातून, म्हणजे सगळी पदं एका बाजूला आणि दुसरीकडे शून्य अशा रूपातून, स्लोप वाचताना, क्षचा सहगुणक भागिले यचा सहगुणक आणि त्याला वजा, तो वजा विसरायचा नाही, वरच्या रेषेत उणे ४ भागिले उणे १ म्हणून ४ आला. आठवत नसेल तर य एकटा डावीकडे आणा आणि क्षच्या पुढे काय उरलं ते वाचा, त्यात चुकायला जागाच नाही.

दोन रेषा वेगळ्या वागतात. आडवी रेषा, स्लोप शून्य, (४, ७) मधून जाते, तर य − ७ = ०, म्हणजे य = ७, सूत्र चालतं. उभी रेषा, तिला स्लोपच नाही, कारण छेदात शून्य येतो, तिथे सूत्रात अनंत वगैरे टाकायला जाऊ नका, सरळ क्ष = ४ लिहा, कारण त्या रेषेवरच्या प्रत्येक बिंदूचा क्ष चारच आहे.

सीईटी देणाऱ्यांसाठी आणखी थोडं, कारण तिथे गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी दोन मार्क, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. पर्याय बहुतेक सामान्य रूपात असतात. तर स्लोप दोन तृतीयांश दिसला की डोळे मिटून २क्ष − ३य = लिहायचं, आणि उजवीकडे काय येणार? दिलेला पॉइंट तिथेच टाका, (४, −१), ८ + ३, अकरा. २क्ष − ३य = ११. एका ओळीत झालं. स्लोप उणे असेल तर मधे बेरीज, उणे तीन चतुर्थांशला ३क्ष + ४य =. हे चालतं कारण २क्ष − ३य = काहीतरी अशा सगळ्या रेषांचा स्लोप दोन तृतीयांशच असतो, उजवीकडचा आकडा फक्त ठरवतो की त्यातली कुठली रेषा, आणि आपली कुठली ते पॉइंट सांगतो. किंवा उलटं करा, पॉइंट चारही पर्यायांत टाका, जे बसत नाहीत ते कटाप, उरलेल्यांत स्लोप बघा. निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून ठोकून द्यायचं हे मला पटत नाही, वीस सेकंदात बरोबर उत्तर मिळत असताना ठोकायचं कशाला. बोर्डाच्या पेपरात मात्र सूत्र लिहून, किमती टाकून, पायऱ्या दाखवूनच करा, पायऱ्यांना मार्क असतात.

थोडी गणितं देते, उत्तरं लगेच पुढे आहेत पण आधी हाताने झाकून करा. स्लोप ५ आणि (१, −२), उत्तर य = ५क्ष − ७. स्लोप उणे तीन चतुर्थांश आणि (−४, २), उत्तर ३क्ष + ४य + ४ = ०. २क्ष + ५य = १० ला समांतर आणि (३, −१) मधून जाणारी, उत्तर २क्ष + ५य = १, यात स्लोप काढायचीही गरज पडली नाही हे बघा. टॅक्सी, (१.५, ३१) आणि २०.६६, दहा किलोमीटरला किती, तर ३१ + २०.६६ × ८.५, साधारण २०७ रुपये.

आणि एक घाटाचं. कर्जतच्या पुढे भोर घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ असा आहे, ३७ मीटर पुढे तेव्हा रूळ १ मीटर वर, म्हणून तर कर्जतला गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. डोळ्यांना हा चढ फार वाटत नाही, कोन दीड अंशाच्या आसपासच भरतो, पण एवढी जड गाडी वर न्यायला तेवढाही खूप होतो. समजा घाटातल्या अशा एका तुकड्यात, एका खुणेपासून ७४० मीटर पुढे रुळाची उंची ६० मीटर आहे (आकडे मी घेतलेत, चढ खरा). समीकरण काढा, खुणेपाशी उंची किती होती आणि १०० मीटर उंची कुठे येईल ते सांगा.

य − ६० = (१/३७)(क्ष − ७४०)
३७य − २,२२० = क्ष − ७४०
क्ष − ३७य + १,४८० = ०

क्ष शून्य टाकला तर य = ४०, म्हणजे खुणेपाशी रूळ ४० मीटर उंचीवर होते, आणि य = १०० टाकला तर क्ष = ३,७०० − १,४८०, म्हणजे २,२२० मीटर पुढे.